कळपाकडे पाठ

ढेकळ्या माणसाला चावला ही बातमी धाकट्याने जेवताना सांगितली, आणि तीही अशा सुरात, की जणू कुणा परक्याच्या घराचं छप्पर गळत होतं.

"उद्या दुपारी पालिकेची गाडी येणार आहे. सुई टोचतील, उचलून नेतील. संपला विषय," असं म्हणून त्याने पुढचा घास घेतला.

थोरलीचा हात ताटातच राहिला. "कुठला ढेकळ्या? आपला?"

"आपला कसला? गोदामवाल्याला दिला तेव्हाच तो त्याचा झाला. आणि ऐक ना ताई, त्याला आता दुसरं पिल्लू हवंय. या खेपेला जरा तापट बघून द्या, म्हणतोय."

"तापटच हवं असेल तर मला घेऊन जा म्हणावं," थोरली म्हणाली.

बाबा भिंतीला टेकून जेवत होते. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "माणसाला चावला? नक्की?"

"हमालाला. हाताला. चांगला फाडलाय."

बाबांनी मान हलवली आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. थोरलीला ती मान हलवणं आवडलं नाही.

ढेकळ्या तिच्या हातचा होता. तो जन्मला त्या थंडीत त्याची आई आजारी पडली, आणि थोरलीने त्याला मेंढीच्या दुधावर जगवलं. बाकीची पिल्लं एकमेकांच्या अंगावरून धडपडत असायची, हा मात्र नांगरटीत पडलेल्या ढेकळासारखा एका जागी पडून असायचा, म्हणून ते नाव. थोरली कळप घेऊन वरच्या माळावर गेली आणि महिनाभराने खाली आली, तेव्हा त्याची जागा रिकामी होती. धाकट्याने व्यवहार उरकला होता. ती तेव्हा भांडभांड भांडली. पण गेलेलं पिल्लू भांडून थोडंच परत येतं?

त्यांच्याकडची ही कुत्री साधी नव्हती. डोंगरातले लोक त्यांना नुसतं 'राखणे' म्हणत. शहरातले त्यांना सिंहाची आणि अस्वलाची उपमा देत, आणि ते ऐकून बाबांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. राखण्याचा रंग जुन्या लोकरीचा. मेंढ्यांमध्ये बसला की मेंढीच वाटावा, आणि तिन्हीसांजेला लांडग्यापासून चटकन वेगळा ओळखू यावा, असा. उंची वासराएवढी. अंगावर दोन थरांचे केस, आत मऊ आणि दाट, वर राठ. मागच्या पायांना नेहमीपेक्षा जास्तीची नखं, आणि मानेची कातडी इतकी सैल, की लांडग्याने पकडलीच तर त्याच्या तोंडात कातडीच यावी, गळा नाही.

"आपले पूर्वज दुष्काळात खिंड ओलांडून इकडे आले," बाबा सांगायचे, "तेव्हा पुढे एक राखणा होता, मागे एक होता, आणि मधे मेंढ्या आणि माणसं. दोघांनाही तो सारखंच समजत होता." चुलत्यांची कहाणी वेगळी होती. त्यांच्या मते एका लांडगिणीने कळपात पिल्लं घातली आणि तिथून ही जात सुरू झाली. त्यावर बाबा थुंकायचे. "लांडग्याचं रक्त असतं तर कळप खाल्ला असता, राखला नसता. ही जात आपल्या माणसांनी घडवली. जे पिल्लू कोकराला चावलं ते ठेवलं नाही. जे माणसाला चावलं ते ठेवलं नाही. जे लांडगा बघून शेपूट घालून पळालं तेही ठेवलं नाही. राहिलं त्याची पिल्लं, आणि त्यांतून राहिलं त्याची पिल्लं."

स्वभाव मात्र कुणी घडवला होता देव जाणे. राखण्याला 'बस' म्हटलं तर तो तुमच्याकडे बघणार, विचार करणार, आणि त्याला बसायचं असेल तरच बसणार. त्याला चेंडू टाका, तो चेंडूकडे बघेल आणि मग टाकणाऱ्याची कीव केल्यासारखं तोंड फिरवेल. तो मेंढ्यांना हाकत नाही, त्यांच्या मागे धावत नाही. कळपाकडे पाठ करून आणि बाहेर तोंड करून बसतो. कुणी आलंच तर आधी भुंकतो, मग उठतो, मग मधे येऊन उभा राहतो. दात सगळ्यात शेवटी. अशा जनावराला गोदामाच्या फाटकाशी साखळीने बांधायचं म्हणजे नदीला बादलीत राहा म्हणण्यासारखंच होतं.

सकाळी थोरली कुणाला न सांगता शहरात उतरली. खांद्याला पिशवी, पिशवीत लोकर कातरायची कात्री. कात्री मुद्दाम घेतली होती असं नाही, ती पिशवीतच असायची.

गोदाम फरश्यांचं होतं. पत्र्याचं उंच फाटक, आत लाकडी खोक्यांच्या थप्प्या, सगळ्यावर पांढरी धूळ. फाटकाच्या आतल्या बाजूला लोखंडी खुंटी होती आणि खुंटीभोवती जमीन गोल झिजून खड्डा पडला होता. त्या खड्ड्यात ढेकळ्या उभा होता. अंगावरच्या केसांच्या घट्ट गाठी झाल्या होत्या. पट्टा मानेत इतका रुतला होता, की मधूनमधून नुसती लाल रेघ दिसत होती. तिला बघून तो भुंकला. ओळखीचं भुंकणं नव्हतं ते.

"जवळ जाऊ नका बाई," चौकीदार स्टुलावरून ओरडला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आला तेव्हा चांगला होता हो. नुसता गप्प बसून बघायचा. मालकांना ते आवडेना. म्हणाले, एवढा मोठा आणला तो काय शोभेला? मग काठीने डिवचायला लावलं. रोज. तापवायचा म्हणून."

"कुणी डिवचलं?"

उन्हात बसलेला, हाताला जाडजूड पट्टी बांधलेला हमाल बोलला. "मी. मला सांगितलं होतं, मी केलं. आणि त्याने माझा हात फाडला. आता डॉक्टर म्हणतो, दोन बोटं पूर्वीसारखी वळणार नाहीत. माझा हात म्हणजे माझं पोट आहे. त्याला आज मारणार आहेत ना? मी बघायला थांबलोय."

थोरली त्याच्यासमोर जाऊन बसली. तिला वाटलं होतं या माणसाचा आपल्याला राग येईल. पण त्याची बोटं बघून तो आला नाही. "तुमच्या हाताला मी काही करू शकत नाही," ती म्हणाली. "पण मी त्याला घेऊन जाणार आहे. तो पुन्हा या रस्त्यावर दिसणार नाही."

"दिसला तर दगड घालीन."

"घाला," ती म्हणाली आणि उठली.

एवढ्यात मालक बाहेर आला. इस्त्रीचा सदरा, हातात चहाचा कप. थोरली कोण हे कळल्यावर तो मोकळेपणाने हसला. "अहो, तुमच्या भावाशी बोलणं झालंय माझं. दुसरं पिल्लू पाठवा. हे बिघडलं."

"बिघडलं नाही. बिघडवलंत."

"माझं जनावर, माझी साखळी. तुम्हाला काय करायचंय?"

"साखळी तुमचीच आहे. तेवढी राहू दे इथे," थोरली म्हणाली, आणि सरळ चालत त्या गोल खड्ड्यात शिरली.

चौकीदार उभा राहिला. ढेकळ्याने ओठ मागे घेतले. गुरगुर अशी होती की तिच्या पायाखालची जमीन थरथरल्यासारखी वाटली. ती त्याच्याकडे तोंड करून बसली नाही. राखणा जसा बसतो तशी, त्याच्याकडे पाठ करून आणि फाटकाकडे तोंड करून, मांडी घालून बसली. मानेवर गरम श्वास येत होता. आता धरली तर आपली मान काही सैल कातडीची नाही, असा विचार तिच्या मनात आला आणि त्या भीतीतही तिला हसू फुटलं.

त्याने धरली नाही. पुष्कळ वेळ गुरगुरला. मग गुरगुर तुटक झाली. मग त्याने तिच्या पिशवीचा वास घेतला. पिशवीला मेंढ्यांचा वास होता. त्याने नाक पिशवीत खुपसलं आणि तिथेच ठेवलं.

पालिकेची गाडी आली तेव्हा ती तशीच बसून होती. गाडीवरच्या माणसाच्या हातात लांब दांडीचा फास होता. "बाई, बाजूला व्हा."

"नाही होत."

"कामात अडथळा आणताय तुम्ही."

"मग मला पण फास टाका. गाडीत जागा आहे ना?"

मागे दोन ट्रक येऊन उभे राहिले. खुंटी फाटकाच्या अगदी तोंडाशी होती. थोरली हलल्याशिवाय ट्रक आत येणार नव्हता, आणि ती हलली असती तरी कुत्र्याने येऊ दिला नसता. हॉर्न सुरू झाले. ड्रायव्हर खाली उतरून गंमत बघू लागले. शेजारच्या दुकानांतली माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "अहो, माणसाला चावलेला कुत्रा आहे तो!" दुसरा म्हणाला, "बाईसुद्धा काही कमी दिसत नाही." मालक चिडून इकडून तिकडे फिरत होता. त्याने आधी दरडावून पाहिलं, मग समजावून पाहिलं. थोरली एकच सांगत होती, "मी याला घेतल्याशिवाय उठणार नाही. संध्याकाळपर्यंत बसायची सवय आहे मला. मेंढरं राखते मी."

गाडीवरचा माणूस कंटाळला. त्याने फास आत टाकला. "साहेब, तुमचं तुम्ही ठरवा. बसलेल्या बाईच्या अंगावरून कुत्रा ओढायचं काम माझं नाही."

तिसऱ्या ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हा मालकाने कप भिंतीवर आपटला. "घेऊन जा ही ब्याद! दोघंही तोंड दाखवू नका परत!"

साखळीचं कुलूप गंजलेलं होतं, किल्ली कुणालाच सापडेना. मग थोरलीने कात्री काढली. पट्टा कातड्याखाली शिरला होता, तो सोडवताना रक्त आलं. ढेकळ्याने तिचं मनगट तोंडात धरलं. दात टेकवले, पण रोवले नाहीत. तिने मनगट तसंच राहू दिलं आणि दुसऱ्या हाताने पट्टा कापला.

दोरी न लावताच ती फाटकाबाहेर पडली. चार पावलं गेल्यावर मागे बघायचा मोह झाला, पण तिने बघितलं नाही. बाजाराच्या कोपऱ्यापाशी एका काचेच्या दुकानात तिला आपल्या मागे चालणारं ते पांढुरकं, गाठी गाठी झालेलं धूड दिसलं. लोक दारं लावून घेत होते. ती रस्त्याच्या मधोमध चालत राहिली.

घरी मेंढवाड्याच्या दारात बाबा काठी आडवी धरून उभे होते.

"हा आत येणार नाही."

तिला धाकट्याचा विरोध ठाऊक होता, बाबांचा अपेक्षित नव्हता. "बाबा, त्याची मान बघा."

"बघितली. ज्याने हे केलं त्याचे हात झडोत. पण याच्या तोंडाला माणूस लागलाय, आणि हा कोकरांत वाढलेला नाही. अशा कुत्र्याला आपल्याकडे ठेवत नाहीत. माझ्या बापाने ठेवला नाही, त्याच्या बापाने ठेवला नाही. म्हणून तर जात टिकली." त्यांचा आवाज कठोर नव्हता, हेच वाईट होतं. "तुला जमणार नाही, मी करतो. त्याला कळणारसुद्धा नाही."

थोरली त्या दोघांच्या मधे उभी राहिली. "मी सासरहून परत आले तेव्हा काय करून आले होते, आठवतं?"

सगळ्यांना आठवत होतं. नवऱ्याने हात उगारला होता आणि तिने तो असा पिरगाळला होता, की तो बरेच दिवस झोळीत ठेवावा लागला.

"तेव्हा अख्खं गाव म्हणत होतं, हिच्या तोंडाला रक्त लागलंय, ही आता कुठेच नांदायची नाही. तुम्ही मला काढलं नाहीत. मेंढ्या वरच्या माळावर ने, एवढंच म्हणालात."

"तू माझी लेक आहेस. तो कुत्रा आहे."

"मग लेकीचा वाटा द्या. म्हाताऱ्या मेंढ्या दिल्यात तरी चालतील. त्यांना घेऊन मी वर खडकाळीत राहते. तुमच्या कळपाला त्याचा वारासुद्धा लागणार नाही."

"ताई, वेड लागलंय का तुला?" धाकटा म्हणाला. "एका कुत्र्यापायी?"

"तू गप्प बस. तुझ्यापायी."

बाबांनी काही म्हाताऱ्या मेंढ्या त्यांच्या कोकरांसकट वेगळ्या काढून दिल्या. खडकाळीत जुना दगडी आडोसा होता. त्यावर तिने पत्रा टाकला, बाजूने काटेरी कुंपण घातलं. ढेकळ्याच्या केसांच्या गाठी तिने हळूहळू, रोज थोड्या अशा कातरल्या. तो कातडी थरथरवायचा आणि सहन करायचा. मेंढ्या मात्र त्याला बघितलं की एका कोपऱ्यात ढिगासारख्या जमा व्हायच्या, आणि मेंढ्या पळाल्या की तो त्यांच्या मागे पळायचा. त्याला वाटायचं, हा खेळ आहे. लहानपणी खेळायला मिळालंच कुठे होतं?

त्या खेळात एक कोकरू गेलं. त्याने चावलं नव्हतं, नुसता पंजा टाकला होता. पण पंजा केवढा, आणि कोकरू केवढं! मेलेल्या कोकराजवळ तो ते हलायची वाट बघत उभा होता. थोरलीने त्याला मारायला काठी उचलली, आणि तो खड्ड्यात उभा असायचा तसा, ओठ मागे घेऊन, जागच्या जागी गोल फिरला. तिच्या हातातून काठी गळून पडली. बराच वेळ ती दगडावर बसून राहिली. बाबा म्हणतात तेच खरं असेल, तर? मग तिने कोकरू पुरलं. दुसऱ्या दिवशी धाकटा चारा घेऊन वर आला तेव्हा तिने स्वतःच सांगितलं, "कोकरू मारलं त्याने. जा, सांग बाबांना."

"मग आता तरी..."

"आता तरी काही नाही. चारा ठेव आणि जा."

त्याला शिकवलं ते थोरलीने नाही, बोडकीने. बोडकी म्हणजे कळपातली सगळ्यात म्हातारी, खाष्ट मेंढी. तिच्यापुढे मेंढेसुद्धा बाजूला व्हायचे. ढेकळ्या खेळायला पुढे आला की बाकीच्या पळायच्या, बोडकी पळायची नाही. ती डोकं खाली घालून यायची आणि त्याच्या बरगडीत अशी धडक द्यायची की तो कोलमडायचा. तो पहिल्यांदा चक्रावला. मग रागावला. मग थोरलीकडे बघायला लागला. थोरली म्हणायची, "माझ्याकडे काय बघतोस? सासू आहे तुझी. चुकलास की खा." होता होता तो कळपाजवळून जाताना चाल कमी करायला शिकला. नजर बाजूला करायला शिकला. एके दिवशी बोडकी रवंथ करत बसली होती आणि तो तिच्यापासून थोडं अंतर ठेवून, अंग चोरून आडवा झाला. बोडकीने एकदा बघितलं आणि रवंथ चालू ठेवला.

थंडी उतरणीला लागली असताना लांडगे आले. दुपारच्या धुक्यात. मेंढ्या एकाएकी थांबल्या, आणि थोरलीला धुक्यात राखाडी हालचाल दिसली. तिने हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक कुणाला मारायची? ढेकळ्या केव्हाच उठून पुढे गेला होता. त्याचं शेपूट पाठीवर गोल वळलं होतं. ते तसं वळलेलं तिने कधीच पाहिलं नव्हतं. तो भुंकला. मग चालत, अजिबात न धावता, मधे जाऊन उभा राहिला. एक लांडगा समोरून आला आणि दुसरा बाजूने झेपावून त्याच्या मानेला भिडला. थोरली दगड घेऊन धावली. तिला वाटलं, पट्ट्याने चिरलेली मान, संपलं. पण लांडग्याच्या तोंडात सैल कातडी आणि केसच आले. ढेकळ्या त्याच कातडीच्या आत वळला आणि त्याने लांडग्याचा खांदा धरला. केकाटणं ऐकू आलं. मग धुकं, आणि धुक्यात पळणारे पाय.

तो त्यांच्या मागे गेला नाही. थोडं अंतर चालून थांबला, वास घेतला, परत आला. मानेतून रक्त गळत होतं. थोरलीजवळ न येता तो कळपाजवळ गेला, मेंढ्यांकडे पाठ करून बसला आणि धुक्याकडे बघत राहिला. थोरलीने तिथेच जमिनीवर बसकण मारली आणि मनसोक्त रडून घेतलं. बघायला कोण होतं? बघणाऱ्याचं तोंड दुसरीकडे होतं.

ऊन तापायला लागलं तेव्हा बाबा काठी टेकत खडकाळीत चढून आले. किती दिवसांनी येत होते. दम खात दगडावर बसले. लांडग्यांची हकीकत त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"धाकटा म्हणतो, आपल्या तरुण कुत्रीला याच्यापासून पिल्लं होऊ देऊ या," ते म्हणाले. "असं धाडस पुढे उतरलं पाहिजे, म्हणतो."

"तुम्हाला काय वाटतं?"

"माणसाला चावलाय," बाबा म्हणाले. "मी नाही म्हणेन. मग तू भांडशील."

"नाही भांडणार," थोरली म्हणाली. "त्याची पिल्लं नकोत. जात राखायचा तुमचा नियम मला मान्य आहे. मलाही कुठे लेकरं आहेत? पण पिल्लं नकोत म्हणून तो स्वतःच नको, हे मला मान्य नव्हतं, आणि मरेपर्यंत होणार नाही. जात टिकवायला जगायचं असं थोडंच आहे, बाबा? तो आहे, म्हणून आहे."

बाबा गुडघ्यावर हात ठेवून उठले. "बोडकीचे खूर वाढलेत वाटतं. बघतो," असं म्हणत कळपाकडे निघाले.

ढेकळ्या उठला. एकदा भुंकला. बाबा थांबले नाहीत. ज्या कळपाचे ते आयुष्यभर धनी होते, त्यात शिरायला त्यांना कधी कुणाची परवानगी लागली नव्हती. ढेकळ्या चालत आला आणि त्यांच्या आणि मेंढ्यांच्या मधे उभा राहिला. ओठ मागे नव्हते. नुसता उभा.

"अरे, माझ्याच मेंढ्या आहेत त्या!" बाबा म्हणाले.

ढेकळ्याने त्यांच्याकडे बघितलं, विचार केला, आणि जागचा हलला नाही.

थोरली हाक मारणार होती. तिने मारली नाही. बाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, कुत्र्याला नखशिखांत न्याहाळलं, रुंद डोकं, मानेवरचा केस नसलेला पट्टा, मागची जास्तीची नखं, पाठीवर हळूहळू गोल होत जाणारं शेपूट.

"उभा नीट राहतो," ते पुटपुटले, आणि कुंपणाच्या बाहेरून, लांबच्या वाटेने, वळसा घालून निघाले.